गोगलगायी, सासूबाई आणि मोफत प्रशिक्षण

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर एखादी गोष्ट फुकट आहे म्हटलं की माणसं चपला हातात घेऊन धावत येतात. फाटकाच्या आत तीच गोष्ट फुकट आहे म्हटलं की विद्वानांच्या भुवया वर जातात. फुकट आहे ना, मग सुमारच असणार, असा तिथला शास्त्रशुद्ध निष्कर्ष. हा फरक गोगलगाय-सरांना वेळीच कळला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण सरांचा सगळा जन्म गोगलगायींत गेलेला. माणसांचा अभ्यास करायला त्यांना सवड मिळालीच नव्हती.

सर प्राणिशास्त्र शिकवत. जिन्याखालच्या एका खोलीत काचेच्या पेट्यांमध्ये त्यांच्या गोगलगायी राहत, आणि सर गेली नऊ वर्षं त्यांचा वेग मोजत होते. पट्टी, स्टॉपवॉच आणि संयम एवढीच त्यांची उपकरणं. गोगलगाय म्हातारी होत जाते तशी ती मंदावते, असा सरांचा सिद्धांत होता. 'पण मुळात ती तरुणपणी कुठे पळत असते?' असं कुणी विचारलं की सरांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. हा प्रश्न विचारणाऱ्यांत पहिला नंबर सासूबाईंचा. त्या लेक-जावयाकडेच राहत आणि गोगलगायींना 'ते शेंबडे किडे' म्हणत. गोगलगाय हा कीटक नव्हे, हे सरांनी त्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं. त्यावर 'बरं, किडा नसलेला किडा' एवढी दुरुस्ती त्यांनी मान्य केली होती.

आता त्या खोलीवरच गंडांतर आलं होतं. विभागप्रमुख बाईंना मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवी होती. खुर्च्या मोडक्या असल्या तरी त्या सरकारी होत्या, टाकून देता येत नव्हत्या. गोगलगायींना असलं काही संरक्षण नव्हतं.

"शुक्रवारी दुपारी संशोधन समिती बसतेय," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांत काय निघालं त्याचा आलेख आणा. हाताने काढलेला नको, समिती आता तसलं बघत नाही. संगणकावरचा आणा. नाहीतर शनिवारी खुर्च्या आत आणि गोगलगायी बाहेर."

आता पंचाईत अशी की सरांचे आकडे संगणकात होते, पण आकडेच होते. बायकोने कधी भाजी निवडता निवडता, कधी फोनवर बोलता बोलता ते सगळे टाइप करून दिले होते. त्यांचा आलेख काढायचं ते मोठं गणिती सॉफ्टवेअर सरांनी एकदा उघडून पाहिलं होतं. पांढऱ्याफटक पडद्यावर एक छोटी उभी रेघ लुकलुकत होती. सरांनी तिथे नम्रपणे 'आलेख' असं लिहिलं. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत अशी काही संभावना केली की सरांनी घाबरून संगणक बंद केला आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून बसले.

आणि अशा वेळी सूचनाफलकावर कागद लागला. त्याच सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून संशोधकांसाठी मोफत प्रशिक्षण. शुक्रवारी सकाळी, संगणक केंद्रात. स्वतःचे आकडे आणा, आलेख घेऊन जा! सरांना आनंदाने भरून आलं. आपली जागा पक्की व्हावी म्हणून त्यांनी सरळ संयोजकपदासाठीच नाव दिलं. या पदासाठी दुसरं कुणीच उत्सुक नाही, ही गोष्ट त्यांना खटकायला हवी होती. पण माणूस आनंदात असला की काही खटकत नाही.

'संयोजक' झाल्याची बातमी कर्मचारी वसाहतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारचे बँकवाले काका निवृत्त होईपर्यंत शाखाधिकारी होते. त्यांनी पहिल्या रांगेत सोफा हवाच, असं बजावलं. वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी माईक आदल्या दिवशी तपासून घ्यायला सांगितलं, कारण त्यांच्या निरोपसमारंभात माईक ऐन वेळी गेला होता आणि त्यांचं अर्धं आयुष्य कुणाला ऐकूच आलं नव्हतं. समोरच्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "सर, सदरा निळा घाला. फिक्या रंगात तुम्ही आजारी दिसता." सरांनी निळा सदरा इस्त्रीला टाकला.

नावं मात्र भराभरा आली. साठाच्या वर संशोधकांनी नोंदणी केली. सर रोज जेवताना तो आकडा जाहीर करत.

"येतील का पण?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? नाव दिलंय त्यांनी."

"मी पण योगाच्या वर्गाला नाव दिलंय जावईबापू. तीन वर्षं झाली."

शुक्रवारी सकाळी सर निळ्या सदऱ्यात संगणक केंद्राच्या दारात उभे राहिले. केंद्रात थंडगार हवा होती, ओळीने यंत्रं मांडली होती आणि चहाच्या थर्मासशेजारी बिस्किटांचा डोंगर होता. प्रशिक्षक बाई आल्या होत्या. तरतरीत, बॉबकट, हातात पडद्यावर लाल ठिपका पाडणारी ती बॅटरी. फक्त संशोधक आले नव्हते. सुरुवातीची वेळ उलटली तेव्हा केंद्राच्या सभागृहात सर आणि बाई सोडून दोनच जण होते. त्यांतला एक पंखा दुरुस्त करायला आलेला होता, आणि दुसऱ्याने बिस्किट खाऊन झाल्यावर 'ग्रंथालय कुठे?' असं विचारलं.

"सर, निदान वीस माणसं नसली तर मला सत्र घेता येत नाही," प्रशिक्षक बाई मृदू आवाजात म्हणाल्या. "कंपनीचा नियम आहे. मी थोडा वेळ थांबते, मग निघेन."

सरांच्या डोळ्यांसमोर मोडक्या खुर्च्या एकामागून एक जिन्याखाली शिरू लागल्या. त्यांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला.

"अगं, माणसं हवीत. वीस."

"कसली माणसं?"

"कसलीही! बसता येणारी. इथे संगणक शिकवतायत, फुकट आहे, चहा-बिस्किटं आहेत, एसी आहे. लवकर!"

सरांच्या बायकोबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे की तिने पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. वसाहत फाटकाला लागूनच होती. थोड्याच वेळात संगणक केंद्राच्या रस्त्याने एक मोर्चा येताना दिसला. पुढे बँकवाले काका, टाय लावून. मागे सकाळी फिरायला जाणारा अख्खा कंपू, पायांत फिरायचे बूट. पोस्टमास्तर, शिवणवाल्या मावशी आणि त्यांच्या तीन मैत्रिणी, दोन निवृत्त मुख्याध्यापक जे एकमेकांशी बोलत नसत, आणि सगळ्यांत शेवटी, बायकोचा हात धरून, पर्स काखोटीला मारलेल्या सासूबाई.

"तुम्ही कशाला?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"फुकट आहे ना?" सासूबाई म्हणाल्या आणि सोफा नाही म्हणून पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची धरून बसल्या.

माणसं झाली. आता नियम आडवा आला. केंद्राचे प्रमुख म्हणजे कुलूप आणि किल्ली यांच्यावर नितांत श्रद्धा असलेला माणूस. ते म्हणाले, "यंत्र उघडायला विद्यापीठाचं खातं लागतं. यांची खाती कुठायत?"

मंडळींनी सरांकडे पाहिलं. आता शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. पण बोलावलेल्या माणसांना दारातून परत पाठवणं सरांच्या रक्तातच नव्हतं. त्यातून चहा ओतून झाला होता. प्रमुख वळून दुसऱ्या खोलीत गेल्याबरोबर सर हलक्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी माझंच खातं वापरा."

"पासवर्ड?" बँकवाले काकांनी बोटं यंत्रावर ठेवून खणखणीत आवाजात विचारलं.

सरांचा चेहरा फिका पडला. निळ्या सदऱ्याचाही काही उपयोग झाला नाही. त्यांनी काकांच्या कानात सांगितलं. काकांना त्या कानाने कमी ऐकू येत होतं.

"काय? माझी चिमणी?"

सगळ्या माना वळल्या. शेवटच्या रांगेत बायकोने पदराने तोंड झाकलं.

"सगळं एकत्र, मध्ये जागा न सोडता," सर घशातल्या घशात म्हणाले.

"चिमणी म्हणजे ही?" सासूबाईंनी लेकीकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत त्यांनीही ते टाइप केलं. वीस यंत्रं वीस चिमण्यांनी उघडली.

आता सर सुखाने आपल्या यंत्रावर बसले. पासवर्ड घातला. पडद्यावर उत्तर आलं की या खात्यावर मर्यादेपलीकडे माणसं आत असून, नव्याने येऊ पाहणाऱ्या संशयित व्यक्तीने केंद्रप्रमुखांना भेटावं.

केंद्रप्रमुखांनी तो संदेश दोनदा वाचला. "आत असलेले वीस जण तुम्हीच आहात, असं यंत्र म्हणतंय."

"पण मी इथे उभा आहे!"

"तेच तर संशयास्पद आहे. तुम्ही तुम्हीच आहात, असा अर्ज द्या. त्यावर आजच्या संयोजकांची शिफारस लागेल."

"संयोजक मीच आहे."

"मग सोपं आहे. पण संशयिताची शिफारस चालत नाही."

अशा रीतीने ज्या एका माणसाला शिकायचं होतं तोच तेवढा वर्गात उभा राहिला आणि बाकी सगळे बसून शिकू लागले. सरांच्या मनाला किती लागलं, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. ते थर्मासशेजारी उभे होते, आणि दोघांनी त्यांच्याकडे चहा मागितला.

"आधी ओळखी करून घेऊ," प्रशिक्षक बाई उत्साहाने म्हणाल्या. "आपला संशोधनाचा विषय?"

"पार्किंग," बँकवाले काका उठून म्हणाले. "आमच्या इमारतीसमोर कोण, कधी, किती वाकडी गाडी लावतं. दोन वर्षांची निरीक्षणं आहेत."

"वा! आणि आपला?"

"झोप," पोस्टमास्तर म्हणाले. "न येणारी."

"आणि आजी, आपला?"

"जावई," सासूबाई म्हणाल्या. "एकच आहे, पण अभ्यास बारकाईने केलाय."

बाईंना हसू आवरेना. नेहमीचे संशोधक म्हणे मागच्या रांगेत बसून मोबाईल बघतात. इथे मात्र 'बाई, हे लाल का झालं?', 'बाई, यांचं झालं, माझं का नाही?', 'बाई, एकदा चुकलेलं पुसता येतं का?' असा गलका सुरू झाला. शिवणवाल्या मावशींना उमगलं की आकड्यांच्या रांगा म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागेच. मग त्या शेजारणींनाही शिकवू लागल्या. काकांच्या पार्किंगचा रंगीत आलेख पडद्यावर उमलला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, स्वतःच. दोन मुख्याध्यापक कधी नव्हे ते एकाच यंत्रावर वाकून एकमेकांची चूक दाखवत होते. सरांनाही हळूहळू राग विसरायला झालं. ते या यंत्रामागून त्या यंत्रामागे धावत होते, मान लांब करून बघत होते. इतकं सोपं आहे हे! इतकी वर्षं आपण पाठ करून बसलो!

"आता कुणाकडे खरे, मोठे आकडे आहेत का?" बाईंनी विचारलं.

सरांनी खिशातला पेनड्राइव्ह काढला. पण लावायचा कुठे? पहिल्या रांगेतलं यंत्र जवळ होतं. सर सासूबाईंच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सासूबाईंकडे काहीतरी मागितलं.

"आई, हे जरा... गोगलगायींचे आकडे आहेत."

सासूबाईंनी पेनड्राइव्ह रुमालाने पुसून घेतला. "कुठे खुपसायचं?"

बाई सांगत गेल्या, सासूबाई करत गेल्या. आडव्या बाजूला वय, उभ्या बाजूला वेग. सरांनी डोळे मिटून घेतले. नऊ वर्षं त्यांनी ती रेघ मनात पाहिली होती. वरून सुरू होऊन डौलात खाली उतरणारी.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी डोळे उघडले. पडद्यावर एक रेघ होती. आडवी. पट्टीसारखी सरळ. ती डावीकडून निघाली होती आणि कुठेही न उतरता उजवीकडे पोहोचली होती.

"चुकलं काहीतरी," सर म्हणाले.

"मी चुकले नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाईंनी सांगितलं तस्संच केलंय."

मग तेच आकडे प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर घेतले. काकांनी केलं, पोस्टमास्तरांनी केलं, मावशींनी दोनदा केलं. एकेक करत सगळ्या सभागृहात वीस पडद्यांवर तीच आडवी रेघ उभी राहिली, म्हणजे आडवीच राहिली. जगातल्या कुठल्याही गोगलगायीची इतकी पडताळणी झाली नसेल. सरांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची शिल्लक नव्हती.

काका पुढे झाले आणि खाजगी आवाजात, म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "सर, त्यात काय एवढं? म्हाताऱ्यांचे जलद आकडे तेवढे उडवा. रेघ आपोआप उतरते, मी आत्ताच करून बघितलं. समितीला काय कळतंय?"

खरंच होतं ते. काकांच्या पडद्यावर ती रेघ अगदी सरांच्या मनातल्यासारखी, डौलात खाली उतरत होती. सर तिच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं, जिन्याखालची खोली, काचेच्या पेट्या, सगळं त्या उतारावर होतं. खोटं कशाला बोला, सरांना मोह झाला, चांगला घट्ट झाला. त्यांचा हात काकांच्या यंत्राकडे गेलासुद्धा.

"हात लावायचा नाही!" सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "एवढी वर्षं घरी जेवायला उशीर केलात, लेकीचं बोलणं अर्धं ऐकलंत, ते काय खोटे आकडे मोजायला? त्या बिचाऱ्या म्हातारपणीही तेवढ्याच चालतात म्हणतायत, तर चालू द्या की! तुमचं काय अडलंय त्यांना थकवायचं?"

सभागृहातली सगळी निवृत्त मंडळी एकदम सरांकडे बघू लागली. आणि सरांच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्या क्षणी. म्हाताऱ्या गोगलगायी मंदावत नाहीत! हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, खुद्द सरांच्याही नाही! मंदावणाऱ्या गोगलगायीत नवल ते काय? नवल तर हे होतं! त्यांनी काकांचा हात धरून गदागदा हलवला, मग चुकून पंखेवाल्याचाही.

नेमका त्याच वेळी दरवाजा उघडला. 'मोफत प्रशिक्षणाला सभागृह भरलंय' ही अविश्वसनीय बातमी ऐकून संशोधन समितीच खात्री करायला आली होती. पुढे विभागप्रमुख बाई, मागे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष आणि इतर मंडळी.

"हे संशोधक?" विभागप्रमुख बाईंनी फिरायचे बूट न्याहाळत विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "शेजारी आहेत माझे. आणि माझा सिद्धांत चुकला!"

हे त्यांनी अशा आनंदाने सांगितलं की एका सदस्याने 'अभिनंदन' म्हणून हात पुढे केला.

"चुकला?" अध्यक्षांनी विचारलं.

"साफ चुकला, साहेब! नऊ वर्षं मी समजत होतो त्या थकतात. नाही थकत! ही बघा रेघ, वीस वेळा बघा! एकही उतरत नाही!" सरांनी अध्यक्षांना दंडाला धरून यंत्रायंत्रावरून फिरवलं. आपण कुणाला धरलंय, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या रांगेत आलं, पण तोवर सोडणंही बरं दिसलं नसतं.

"आलेख कुणी काढला?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

सर सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आमच्या आईंनी. मला आत येता आलं नाही."

अध्यक्ष पहिल्या रांगेत येऊन त्या आडव्या रेघेसमोर वाकले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती बोटाने डावीकडून उजवीकडे गिरवली. मग वळून म्हणाले, "बाई, खुर्च्या दुसरीकडे ठेवा. खोली यांची."

सभागृहात असा काही जल्लोष झाला की प्रशिक्षक बाईंच्या हातातला लाल ठिपका छतावर गेला. मुख्याध्यापकांनी एकमेकांना मिठी मारली आणि लगेच सोडली. केंद्रप्रमुखांनी त्या गडबडीतही सरांचं खातं वर्षभरासाठी बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण ते ऐकायला सर तिथे नव्हते. ते बायकोपाशी शेवटच्या रांगेत गेले होते आणि तिच्याकडे बघून नुसते हसत होते.

दुपारी मंडळी पांगल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता दाखवा तरी त्या."

सरांनी जिन्याखालची खोली उघडली. सासूबाईंनी नाकाला लावायला काढलेला रुमाल परत पर्समध्ये ठेवला. ओल्या मातीचा वास होता, वाईट नव्हता. "यांतली सगळ्यांत म्हातारी कुठली?"

सरांनी कोपऱ्यातली पेटी दाखवली. शंख झिजून पांढरा पडलेली एक गोगलगाय काचेवरून वर निघाली होती. सरांचा हात सवयीने स्टॉपवॉचवर गेला.

"ते ठेवा बघू आधी," सासूबाई काचेजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. "किती वेगाने जाते ते मोजलंत. पण ही जाते कुठे?"

पट्टीची दुसरी खूण आली की सर नेहमी घड्याळ थांबवत आणि गोगलगायीला उचलून पहिल्या खुणेवर ठेवत. नऊ वर्षं. तिला पुढे कुठे जायचं होतं, हे पाहिलेलंच नव्हतं.

त्यांनी खोलीतलं एकुलतं एक स्टूल सासूबाईंना दिलं, स्वतः उलटी बादली ओढली आणि दाराबाहेर वाट बघणाऱ्या बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, तू हो पुढे. आम्हा दोघांना उशीर होईल."